भरतीच्या वेळा आणि तांबू

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणच्या किनाऱ्याने जाणारा एक सलग रस्ता असावा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळातली, म्हणजे १९८० ते १९८२ मधली. चाळीस वर्षे उलटून गेली तरी हा रस्ता सलग झालेला नाही, कारण सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी ऐसपैस खाड्या करून बसल्या आहेत आणि त्यांतल्या काही मोठ्या खाड्यांवरून गाडी न्यायला अजून फेरीबोटीखेरीज उपाय नाही. सावित्रीची खाडी बागमांडल्याहून वेश्वीला जाताना ओलांडायची, वाशिष्ठीची दाभोळहून धोपाव्याला जाताना आणि शास्त्रीची तवसाळहून जयगडला जाताना. घाईत असलेल्या माणसाला हा रस्ता म्हणजे शिक्षा आहे. ज्याच्या गाडीत मागच्या आसनावर एक कुत्रा खिडकीला नाक लावून बसलेला आहे, त्याच्यासाठी मात्र याहून सोयीचा रस्ता महाराष्ट्रात नसावा. दीड-दोन तास गाडी चालली की फेरीबोटीचा धक्का येतो, बोट पलीकडच्या काठाला असते, आणि गाडी बंद करून खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसते. कुत्र्याला नेमके एवढेच हवे असते.

आमचा तांबू हा सोसायटीच्या वाहनतळात पावसाळ्यात सापडलेला गावठी कुत्रा आहे. रंग वीटकरी, कान उभे, शेपूट पाठीवर वळलेली. पुण्यात त्याच्याकडे पाहून लोक आदराने ‘इंडी’ म्हणतात, आणि माणगावच्या पुढे गेले की त्याच कुत्र्याला ‘हे आमच्या गावातलंच दिसतंय’ असे म्हणतात. दोन्ही वर्णने बरोबर आहेत. मात्र दुसऱ्या वर्णनामुळे प्रवासात एक गंमत सतत होत राहिली. गोल्डन रिट्रीव्हर गाडीतून उतरला असता तर तो पाहुणा ठरला असता. तांबू उतरला की पहिल्यांदा त्याला कोणीतरी हाड म्हणायचे, मग त्याच्या गळ्यातला पट्टा आणि माझ्या हातातली दोरी दिसायची, आणि मग थोडे ओशाळून विचारायचे, “तुमचं आहे होय?”

राहण्याची व्यवस्था करताना आम्ही पुष्कळ ठिकाणी फोन केले होते. जाहिरातीत पाळीव प्राण्यांचे स्वागत असल्याचे लिहिणाऱ्या एका रिसॉर्टने, कुत्र्याला खोलीत येता येणार नाही, तो जनित्राच्या शेडजवळ बांधावा लागेल आणि त्याचे वेगळे पैसे पडतील, असे सांगितले. त्यापेक्षा घरगुती निवास चालवणाऱ्या मंडळींशी बोलणे सोपे गेले, कारण त्यांच्या अटी रोखठोक होत्या. एकीने सांगितले की घरात देव आहेत, सोवळे आहे, कुत्रा ओटीच्या वर येणार नाही. दुसऱ्याने सांगितले की त्यांच्या गोठ्यात गाभण गाय आहे, कुत्रा भुंकणारा असेल तर नको. केळशीच्या काकूंनी मात्र जातीबद्दल किंवा आकाराबद्दल काहीच न विचारता एकच प्रश्न केला, “कोंबड्यांच्या मागे लागतं का?” आम्ही खरे ते सांगितले की त्याने आजवर जिवंत कोंबडी जवळून पाहिलेलीच नाही. त्यावर काकू म्हणाल्या, “मग या, पण बांधून ठेवा. अंगणात राहील, घरात नाही.” आम्हाला ते मान्य होते.

या फोनांवरून जे लक्षात आले ते पुढच्या सगळ्या प्रवासात खरे ठरत गेले. एरवी आपण कोकणात ग्राहक म्हणून जातो. खोलीचे पैसे भरले, जेवणाचे सांगितले, की समुद्रही त्यातच आला अशा थाटात वावरतो. कुत्रा बरोबर असला की हा थाट चालत नाही. प्रत्येक अंगणात शिरण्यापूर्वी बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभे राहून विचारावे लागते, प्रत्येक पुळणीवर पाऊल टाकण्यापूर्वी तिथे आधीपासून कोण आहे हे पाहावे लागते. नाही म्हणण्याचा हक्क समोरच्याकडे असतो आणि तो नाही म्हणाला तर वाद घालण्याला जागा नसते.

ताम्हिणी घाटाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो सुंदर आहे, मुळशीचे पाणी सकाळी छान दिसते, आणि वळणे इतकी आहेत की रिकाम्या पोटीसुद्धा तांबूने एकदा पिवळे पाणी ओकून दाखवले. ज्यांना कुत्र्याला घेऊन घाट उतरायचा आहे त्यांनी निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला खायला घालू नये, खिडकीची काच दोन बोटे खाली ठेवावी आणि पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस आसनाच्या बेल्टला अडकवावा. चालत्या गाडीच्या खिडकीतून कुत्र्याचे पूर्ण डोके बाहेर काढलेले फोटो लोकांना फार आवडतात, पण कोकणातल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की त्या फोटोतली हौस तिथेच संपते.

बागमांडल्याच्या धक्क्यावर तांबूने पहिला संप केला. फेरीबोटीचा लोखंडी दरवाजा साखळ्यांनी खाली येतो, धक्क्यावर आपटतो, आणि मग गाड्या एकामागून एक उलट्या किंवा सुलट्या आत घेतल्या जातात. तो आवाज ऐकताच तांबू मागच्या आसनाखाली शिरला. बोटीवरच्या माणसाने आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, “त्याला उतरवू नका दादा, पत्रा तापलाय, पाय भाजतील. काचा उघडा, वारा लागू दे.” मी हात लावून पाहिला तर पत्रा खरोखरच चटका देत होता. बोट निघाली, इंजिनाची थरथर एका लयीत सुरू झाली, खाडीचा वारा आत आला, आणि काही वेळाने आसनाखालून आधी एक कान बाहेर आला आणि मग नाक. पुढचा सगळा वेळ त्याचे नाक थांबलेच नाही. आम्हाला चिखलाचा आणि डिझेलचा वास येत होता; त्याला खारफुटी, बोटीतल्या मोटारसायकलला टांगलेली सुक्या बोंबलांची पिशवी आणि बाणकोटची अख्खी बाजू वेगवेगळी कळत असावी.

ही बोट एक दिवस बंद होईल. रेवस-रेडी या सागरी महामार्गावरच्या राहिलेल्या पुलांना आता गती दिली जात आहे. आमच्यासारखे सुट्टीवर आलेले लोक बोट जाणार म्हणून हळहळतात. वेश्वीच्या एखाद्या बाईला अपरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर शेवटची बोट केव्हाच गेलेली असते, हे त्या हळहळीत कुठे येत नाही. पूल व्हायलाच हवेत.

वेळासला आम्ही तांबूला किनाऱ्यावर नेलेच नाही. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत जाते. ती पुन्हा मागे वळून पाहत नाही. पुढचे दीड-दोन महिने त्या अंड्यांना कोल्हा, घोरपड, माणूस आणि कुत्रा या चौघांपासून धोका असतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले, गावकऱ्यांनी ते उचलून धरले, आणि आता सापडलेली घरटी कुंपणाच्या आत हलवून जपली जातात. पूर्वी जी अंडी विकली जात, त्यांच्यापायी आज गावात पर्यटक येतात आणि घराघरांत जेवणाची पाने वाढली जातात.

आम्ही पाळी लावली. पिल्ले सोडण्याच्या वेळी एकजण किनाऱ्यावर गेला आणि दुसरा तांबूबरोबर गावात राहिला. दुसऱ्या खेपेला अदलाबदल केली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या तरुण कासवमित्राला मी विचारले की दोरीने बांधलेला कुत्रा दुरून चालला असता का. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमचा बांधलेला आहे. पण सगळी घरटी आम्हाला सापडतात असं नाही. त्याला वास लागला की तो ती जागा उकरायला बघणार, आणि तो उकरतोय म्हटल्यावर गावातली चार कुत्री रात्री तिथेच येणार.” त्याने आणखी एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली की माद्या अधिक होतात. मग टोपली उलटी झाली, तळहातात मावतील एवढी काळी पिल्ले ओल्या वाळूवर आली आणि वल्ही मारल्यासारखे पाय हलवत पाण्याकडे निघाली. एक लाट आली की चार पावले मागे फेकली जात, आणि पुन्हा निघत. त्या वेळी बरोबर कुत्रा नव्हता याचे मला मनापासून बरे वाटले.

केळशीला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून गेलेली पाखाडी, दोन्ही बाजूंना माड-पोफळीची आगरे, आणि मध्येच आभाळ उघडे पडलेल्या जागा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या, त्यातल्याच या मोकळ्या जागा. पोफळ पुन्हा उभी राहून सुपारी द्यायला पाच-सात वर्षे लागतात, त्यामुळे ती नुकसानी एका मोसमाची नव्हती. काकांनी गाडी लावायची जागा दाखवली आणि तांबूला माडाला बांधायला निघालेल्या माझ्या नवऱ्याला लगेच अडवले. “माडाखाली नको हो. नारळ काय, झावळी काय, सांगून पडत नाही.” तेव्हा तांबूची सोय अंगणाच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीशेजारी झाली. काकूंच्या कोंबड्या एव्हाना खुराड्यात गेल्या होत्या. काकूंनी दुरूनच पाहून निकाल दिला, “गरीब दिसतंय.”

जेवणे झाली. उकडीच्या तांदळाचा भात, कुळथाचे पिठले, वालाची उसळ. घर शाकाहारी होते, त्यामुळे तांबूसाठी आणलेली उकडलेली अंडी आम्ही गाडीशी उभे राहूनच त्याला भरवली आणि कवचे पिशवीत भरून ठेवली. नंतर काकूंनी आपणहून एका परातीत दूधभात आणून अंगणात ठेवला. मी हळूच विचारले की त्यात काही घातले आहे का, कारण कांदा आणि मनुका या दोन गोष्टी कुत्र्याला बाधतात आणि कोकणातल्या शिळ्या आमटीत किंवा गोडाच्या शिऱ्यात त्या हटकून असतात. “नुसता भात नि दूध,” काकू म्हणाल्या, “दत्ताबरोबर चार असतात, त्यांना काय आपण मसाला घालतो?”

खरी गोष्ट पुढे झाली. आम्ही खोलीत जाऊन अंथरुणे घालत होतो तेवढ्यात काका कंदिलासारखा मोठा टॉर्च घेऊन दाराशी आले. तांबूला अंगणात ठेवू नका, म्हणाले. गेल्या पंधरवड्यात वरच्या वाडीतला एक कुत्रा बिबट्याने नेला होता, तोही साखळीला बांधलेला असताना. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेले पान. “मग गाडीत झोपवतो,” नवरा म्हणाला. त्यावर काका काही बोलण्याआधीच आतून काकूंचा आवाज आला, “गाडीत कसला झोपवताय, गुदमरेल तो. पडवीत घ्या. गोणपाट टाका खाली. आणि पडवीचं दार ओढून घ्या.” थोड्या वेळाने त्या स्वतः बाहेर आल्या, पडवी आणि माजघर यांच्यामधला उंबरठा दाखवून तांबूकडे बोट रोखून म्हणाल्या, “ह्याच्या अलीकडे यायचं नाही. कळलं?” तांबूने गोणपाटावर तीन गिरक्या घेतल्या आणि तो पसरला. रात्रभर त्याने तो उंबरठा ओलांडला नाही. त्याला मर्यादा कळली असे काकूंचे मत पडले. तो दमला होता असे माझे मत आहे. सकाळी मात्र काकूंनी पडवी सारवून घेतली, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटण्यासारखे काही नव्हते. नियम नियमाच्या जागी राहिला आणि कुत्रा जिवंत राहिला.

भरतीचे गणित मला काकांनीच शिकवले. कोकणात ते जुन्या माणसांना पाठ असते. ज्या दिवशी जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती; त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. हे ठोकताळ्याचे गणित आहे, छापील तक्त्याशी मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाला त्यातून मोठी गोष्ट सापडते. फेब्रुवारीतसुद्धा कोकणातली कोरडी वाळू सकाळी दहा-साडेदहानंतर कुत्र्याच्या तळव्यांना सोसत नाही. तेव्हा फिरायच्या वेळा दोनच, पहाट आणि सूर्यास्त. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भर दुपारी आणि मध्यरात्री उधाणाची भरती असते, म्हणजेच पहाटे आणि तिन्हीसांजेला समुद्र दूरवर मागे गेलेला असतो आणि पायाखाली ओली, घट्ट, गार वाळू मैलभर पसरलेली असते. अष्टमीच्या आसपास गेलात तर त्याच दोन वेळांना पाणी वर चढलेले असते आणि सुरूच्या झाडांच्या पायथ्याशी भुसभुशीत वाळूची एक पट्टी तेवढी उरते. आम्ही पौर्णिमा धरून गेलो होतो ते केवळ चांदण्याच्या हौसेने. तांबूच्या पायांचा हिशेब आपसूक जुळला.

केळशीच्या पुळणीवर पहाटे पोहोचलो तेव्हा ओहोटीच्या वाळूवर हजारो बारीक गोळ्या पसरलेल्या होत्या, मोहरीपासून मटारापर्यंतच्या आकाराच्या, आणि त्या एकेका छिद्राभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. वाळूतले अन्नकण काढून घेऊन उरलेली वाळू गोळी करून मागे टाकणाऱ्या चिमुकल्या खेकड्यांचे हे काम. भरती आली की सगळे पुसले जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तांबू पहिल्या छिद्राशी थबकला. नाक खाली नेले, जोरात श्वास सोडला, वाळू उडाली आणि त्याला शिंक आली. मग त्याने डोके तिरके करून कान त्या छिद्रावर धरला आणि तसाच थिजून उभा राहिला. मीही खाली बसले. दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही. नंतर हातभर अंतरावरच्या दुसऱ्याच छिद्रातून एक वाळूच्याच रंगाचा, नखाएवढा खेकडा बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडात घालू लागला, आणि तांबूची शेपटी हलल्याबरोबर दिसेनासा झाला. मी आजवर कितीतरी वेळा कोकणात आले, त्या गोळ्यांवरून चालत गेले, पण त्या करणाऱ्याला कधी पाहिले नव्हते. पाहायला थांबलेच नव्हते.

दोरी मी सोडली नाही. पुढे पाण्याच्या काठाशी चिखल्या पक्ष्यांचा थवा टिपत होता. हे पक्षी हिवाळ्यात फार दुरून येतात आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवणे एवढेच त्यांचे इथले काम असते. एका कुत्र्याने गंमत म्हणून थवा उडवला तर त्याला दोन मिनिटांचा आनंद मिळतो आणि त्यांचे मात्र तेवढे खाणे बुडते. मोकळा धावणारा कुत्रा आणि मागे सोनेरी समुद्र हे चित्र कितीही मोहक असले तरी ते चित्र काढायला किनारा रिकामा असावा लागतो, आणि पहाटेचा किनारा कधीच रिकामा नसतो.

गावातली कुत्री ही वेगळीच सत्ता. ओहोळ जिथे समुद्राला मिळतो तिथपर्यंत एका टोळीची हद्द आणि पलीकडे दुसरीची, हे आम्हाला तांबूने दाखवले. तो ओहोळापाशी येऊन आपणच वळायचा. अलीकडच्या तिघांनी पहिल्या दिवशी बरेच गुरगुरून घेतले. अशा वेळी पळायचे नाही, आपल्या कुत्र्याला उचलून छातीशी धरायचे नाही, दोरी ताणून धरायची नाही. सावकाश वळसा घालून बाजूला चालू लागायचे. जाळे सावरत बसलेल्या एका आजोबांनी नुसते “ए, जा रे तिकडे” म्हटले आणि तिघेही निमूट निघून गेले. रेबीजची लस आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर दिलेली असणे ही मात्र या सगळ्या शिष्टाचाराच्या आधीची गोष्ट आहे.

त्याच किनाऱ्यावर मी तांबूची घाण पिशवीत उचलत असताना शाळेत निघालेली दोन मुले थांबून पाहत राहिली. धाकट्याने मोठ्याला विचारले, “तो का नाही उचलत?” मोठा म्हणाला, “त्याला हात नाहीत ना.” इतके बिनतोड उत्तर मला सुचले नसते.

आंजर्ले आणि हर्णै आम्ही भराभर ओलांडले. कड्यावरच्या गणपतीला पाळीपाळीने जाऊन आलो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, सुवर्णदुर्ग समोर पाण्यात, बैलगाड्या आणि टेम्पो पाण्यात घुसलेले, टोपल्यांभोवती बायकांची दाटी. तिथे कुत्र्याला नेणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. गाडी वरच्या रस्त्याला लावून, काचा पूर्ण उघडून आम्ही तांबूबरोबर वरूनच पाहिले. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि बंदरावरची गलेलठ्ठ कुत्री त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती.

दुपारांबद्दल लिहायला हवे, कारण कुत्र्याबरोबरच्या सुट्टीचा बराच भाग दुपारी सावलीत बसण्यातच जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय, आणि कोकणातल्या दमट हवेत तो उपाय निम्मा निकामी होतो. त्याच्या अंगाचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंशांच्या घरात असते. ते ४१ च्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. बंद गाडीत हे फार लवकर घडते. आतली हवा दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते. त्यामुळे ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ हे वाक्य आमच्या गाडीत बंद होते. एकजण चहा घेई, दुसरा माडाच्या सावलीपासून सुरक्षित अंतर राखून एखाद्या वडाखाली तांबूबरोबर बसे. कर्द्यापाशी तो फारच धापा टाकू लागला तेव्हा पोटाला, काखेत आणि पंजांना साध्या पाण्याने ओले केले आणि पंचाने वारा घातला. बर्फाचे पाणी ओतू नये. या सक्तीच्या बसण्यात मला गावे जास्त कळली. दुपारच्या गावात पर्यटक नसतात, खाटेवर आमसुले वाळत असतात, कोणीतरी झावळीचे हीर काढून खराटा बांधत असते, आणि कुत्रा दिसला की माणसे आपण होऊन बोलायला येतात.

दाभोळ हे बहामनी काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, असे आता तिथे उभे राहून पटत नाही. फेरीबोटीवर यावेळी तांबू स्वतः चालत चढला. सकाळची वेळ होती, पत्रा गार होता.

गुहागरला अखेर तो समुद्रात शिरला. सुरूच्या बनापलीकडचा तो लांबलचक किनारा, सकाळची ओहोटी, आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतलेली. आम्ही लांब दोरी लावली. आधी त्याने लाटेवर भुंकून पाहिले, मग लाट चाटून पाहिली. इथे एक सावधगिरी घ्यावी लागते. खारे पाणी पोटात गेले की कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात आणि फार गेले तर जिवावर बेतते, म्हणून दर थोड्या वेळाने त्याला बाहेर बोलावून वाटीभर गोडे पाणी पाजत होतो. पुढे वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली होती आणि निरुपयोगी मासळी टाकून दिलेली होती. त्यात फुगून टम्म झालेला एक केंड मासा पडला होता. तांबू त्याच्याकडे झेपावला तेव्हा दोरी आवळणाऱ्या एका रापणकऱ्याने हातवारे करत ओरडून सांगितले, “ताई, तो नको, विखारी असतो!” मी दोरी खेचली. केंडाचे विष शिजवूनही जात नाही आणि कुत्र्याला त्याचा लहानसा तुकडाही महागात पडू शकतो. त्या माणसाने पायाने खड्डा करून तो मासा पुरला आणि वर दगड ठेवला. आमच्यासाठी एवढे करायचे त्याला काही कारण नव्हते.

त्यानंतर विहिरीवर तांबूची आंघोळ झाली. घरमालकीण बाईंनी पोहऱ्याने पाणी काढू दिले, पण विहिरीच्या कट्ट्यापासून दहा हात दूर नेऊन. मीठ कातडीवर राहिले की खाज सुटते, कानात पाणी राहिले की कान सडतात. कान कोरड्या फडक्याने टिपले, पंजांच्या बेचक्यांतली वाळू काढली. बाई ओटीवर बसून पाहत होत्या. “आमच्या पोरांना पण एवढं कोणी केलं नाही,” असे म्हणून हसल्या आणि आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या, पंजांना लावायला.

परतताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढलो. घरी आल्यावर पहिले काम गोचिडांचे. कोकणात गोठे आणि गवत असल्यामुळे ती लागतातच, कितीही औषध लावले तरी. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी रोज बोटांनी चाचपायचे. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तिच्यावर रॉकेल ओतायचे नाही आणि ती बोटांनी चिरडायची नाही. गोचीड ताप लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी कुत्रा सुस्तावतो, खाणे सोडतो, हिरड्या फिक्या पडतात. तांबू एक दिवस जेवला नाही म्हणून आम्ही रक्त तपासून आणले. प्लेटलेट व्यवस्थित होत्या. शेजारच्यांनी त्याला आदल्या रात्री केकचा तुकडा घातला होता, एवढेच निघाले. दोरीची लोखंडी कडी मात्र खाऱ्या हवेने गंजून पक्की बसली आणि पक्कडीनेही उघडेना. आता पितळेची घेतली आहे.